वय अधिक चार, गुणिले दोन

गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी शिक्षकांसाठी प्रथमोपचाराचं शिबिर होतं. आम्हीही गेलो होतो. जखम बांधणं, भाजल्यावर गार पाणी ओतणं, साप चावल्यावर काय काय करू नये, असं सगळं यथासांग झालं. दुपारच्या सत्रात व्याख्यात्यांनी फळ्यावर एक सूत्र लिहिलं:

मुलाचं वजन (किलो) = (वय + ४) × २

"मूल बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात येतं, काट्यावर उभं करता येत नाही. अशा वेळी हे सूत्र कामाला येतं. तुम्हीही पाठ करून ठेवा. रुग्णवाहिकेतून कोणी फोनवर वजन विचारलं तर झटकन सांगता येईल." समोरच्या पन्नास-साठ शिक्षकांनी सूत्र मुकाट्याने वहीत उतरवून घेतलं. फळ्यावर चौकटीत लिहिलेलं काहीही आपण शिक्षकमंडळी उतरवून घेतोच, ती सवय कुठे जाणार!

मागच्या रांगेतून एका आश्रमशाळेतल्या बाईंनी हात वर केला. "सर, आमच्याकडे तिसरीत एक मुलगा आहे. वय आठ. तुमच्या हिशेबाने तो चोवीस किलोचा व्हायला हवा. परवाच आम्ही सगळ्यांची वजनं घेतली. तो सतरा भरला. मग डॉक्टर औषध कोणाला देणार? सूत्रातल्या मुलाला की आमच्या मुलाला?"

हशा पिकला. व्याख्याते भले गृहस्थ होते. "अंदाजच आहे तो, बाई. काहीच नसण्यापेक्षा बरा," असं म्हणून त्यांनी विषय संपवला आणि चहा आला.

प्रश्न मात्र संपला नव्हता. परत येताना एस.टी.त आमचं त्यावरच बोलणं चाललं होतं. कबूल करायला हवं, की काही वर्षांपूर्वी एका शिबिराच्या पुस्तिकेत आम्ही स्वतःच हे सूत्र छापलं होतं, तेही ठळक अक्षरांत आणि चौकटीत. तेव्हा 'काहीच नसण्यापेक्षा बरा' हे कितपत खरं आहे आणि कोणत्या मुलाच्या बाबतीत खरं आहे, हे तपासणं आम्हाला भागच होतं.

अर्धी गोळी की जवळजवळ अख्खी?

आधी एक साधा प्रश्न. वजनावाचून इतकं काय अडतं? मोठ्या माणसांना आपण 'एक गोळी सकाळी, एक रात्री' असं औषध देतो. पंचेचाळीस किलोची बाई आणि ऐंशी किलोचा पुरुष यांत दुपटीचाही फरक नसतो. मुलांचं तसं नाही. नवजात बाळ तीन किलोचं आणि सातवीतला मुलगा पस्तीस-चाळीस किलोचा, म्हणजे दहापटीहून जास्त फरक. म्हणून मुलांची जवळजवळ सगळी औषधं 'दर किलोमागे इतकी' अशी मोजतात. हृदय बंद पडलं तर ॲड्रिनॅलिन दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम. हृदयाची लय बिघडून विजेचा झटका द्यावा लागला तर पहिल्यांदा दर किलोला २ ज्यूल, मग ४. हगवणीने सुकलेल्या पण पिऊ शकणाऱ्या मुलाला चार तासांत दर किलोला ७५ मिलिलिटर जलसंजीवनी. प्रत्येक ठिकाणी गुणाकार आहे आणि त्यातली एक संख्या मुलाचं वजन आहे. ती चुकली की उत्तर त्याच प्रमाणात चुकलं.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. कोकणात आणि महाराष्ट्राच्या इतरही भागांत लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कितीतरी मुलं दगावत. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात प्रॅझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं आणि चित्र पालटलं. लहान मुलांसाठी या औषधाची मात्रा दर किलोला ३० मायक्रोग्रॅम सांगितली जाते. आता बाईंच्या त्या सतरा किलोच्या मुलाला विंचू चावला असं समजा. ३० × १७ = ५१० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅमची अर्धी गोळी. सूत्राने तो २४ किलोचा, म्हणून ७२० मायक्रोग्रॅम. सूत्राची एक 'सुधारलेली' आवृत्तीही आहे. तिच्याबद्दल पुढे बोलूच, पण तिच्या हिशेबाने तो ३१ किलोचा! मग मात्रा ९३० मायक्रोग्रॅम होते. मुलगा तोच, दंश तोच, आणि गोळी अर्धीपासून जवळजवळ अख्खीपर्यंत. प्रॅझोसिनच्या पहिल्याच मात्रेने रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून ते दिल्यावर रुग्णाला आडवंच ठेवतात. तेव्हा हा फरक कागदावरचा नव्हे. (औषध द्यायचं की नाही आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. आकडेमोड इथे फक्त मुद्दा समजावा म्हणून केली आहे.)

गंमत म्हणजे, सर्पदंशाच्या लसीचं नेमकं उलटं आहे. साप चावताना मूल की मोठा असा भेद करत नाही, विष तेवढंच टोचतो. लस विषाला मारण्यासाठी असल्यामुळे मुलालाही मोठ्या माणसाइतकीच द्यावी लागते. तिथे वजनाचा प्रश्नच येत नाही. 'लहान मूल, म्हणून लस थोडी' हा गैरसमज अजूनही कानावर येतो, म्हणून हे आडवळण.

सलाईनचंही पाहू. 'पाणीच तर आहे, थोडं जास्त गेलं तर काय बिघडलं?' असं पुष्कळांना वाटतं. केनिया, युगांडा आणि टांझानियात तापाने अत्यवस्थ झालेल्या ३,१४१ मुलांवर एक मोठा अभ्यास झाला. तो २०११मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना सुरुवातीलाच भराभर सलाईन दिलं, त्यांच्यापैकी १०.५ टक्के मुलं ४८ तासांत दगावली. ज्यांना असं भराभर दिलं नाही, त्यांच्यात हे प्रमाण ७.३ टक्के होतं. हा अभ्यास वजनाच्या अंदाजाबद्दल नव्हता, हे खरं. पण शिरेतून जाणारं द्रव निरुपद्रवी नसतं, एवढं त्यातून कळतं. दर किलोला २० मिलिलिटर द्यायचं ठरवलं तर सतरा किलोच्या मुलाला ३४० मिलिलिटर लागेल. सूत्र वापरलं तर ४८० जाईल, म्हणजे प्रत्यक्षात दर किलोला २८. कागदावर मात्र २०च लिहिलेलं राहील.

पौंडांतून आलेलं सूत्र

हे सूत्र आलं कुठून? आपल्याकडच्या बालरोगशास्त्राच्या विद्यार्थ्यांना 'वीचची सूत्रं' म्हणून तीन सूत्रं पाठ करावी लागतात. वीच हे अमेरिकन बालरोगतज्ज्ञ. त्यांचा लेख १९५४चा. एक ते सहा वर्षांच्या मुलासाठी वयाची दुप्पट अधिक ८. सात ते बारा वर्षांसाठी वयाची सातपट, त्यातून ५ वजा, आणि उत्तराचं निम्मं. तिसरं सूत्र तान्ह्या बाळांसाठी आहे. आता आपल्या आठवीच्या विद्यार्थ्याला विचारा: (वय + ४) × २ याचा कंस सोडवला तर काय येतं? वयाची दुप्पट अधिक ८. म्हणजे एक ते सहा वर्षांपुरती ही दोन्ही एकच. फक्त शिबिरातलं सूत्र दहा वर्षांपर्यंत तसंच ताणलेलं आहे.

आणखी एक बारकावा. अमेरिकेत ही सूत्रं पौंडांत वापरली जात: एक ते सहा वर्षांसाठी वयाची पाचपट अधिक १७. पाच पौंड म्हणजे २.२७ किलो, सतरा पौंड म्हणजे ७.७ किलो. किलोत आणताना त्याचे सरळ २ आणि ८ झाले. पाठांतर सोपं झालं, पण सहा वर्षांच्या मुलाच्या वजनातून सव्वा किलो कमी झालं. मूळ सूत्राने ४७ पौंड, म्हणजे २१.३ किलो. किलोच्या सूत्राने २०. कुठल्या तरी काळातल्या, कुठल्या तरी देशातल्या मुलांवरून काढलेला ठोकताळा, त्याची आणखी ठोकळ आवृत्ती, आणि ती आपल्या फळ्यावर.

हा ठोकताळा इंग्लंडमध्ये आणीबाणीच्या प्रशिक्षणात वर्षानुवर्षं शिकवला जात होता. २००७मध्ये लसकम आणि ओवेन्स या दोघांनी शेफिल्डच्या रुग्णालयातल्या हजारो मुलांची खरी वजनं घेऊन तो तपासला. सूत्राचं उत्तर खऱ्या वजनापेक्षा सरासरीने सुमारे १९ टक्क्यांनी कमी येत होतं. तिथली मुलं गेल्या काही दशकांत वजनदार झाली होती आणि सूत्र होतं तिथेच राहिलं होतं. म्हणून त्यांनी नवीन सूत्र सुचवलं: वयाची तिप्पट अधिक ७. हेच ते आमचं 'सुधारलेलं' सूत्र.

शेफिल्डसाठी ही सुधारणा योग्यच होती, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती सूत्र पुस्तकातून पुस्तकात जाताना त्याचं गाव मागे राहतं याबद्दल. आठ वर्षांच्या मुलाला शेफिल्डचं सूत्र ३१ किलो देतं. बाईंच्या आश्रमशाळेत जुनं सूत्र ४१ टक्क्यांनी जास्त सांगत होतं, नवं ८२ टक्क्यांनी जास्त सांगतं. एका ठिकाणी चूक दुरुस्त करताना दुसऱ्या ठिकाणची चूक दुप्पट झाली. आणि ज्याच्या हातात नवी आवृत्ती आहे तो स्वतःला अद्ययावत समजणार!

याहून मजेदार प्रकार २०११चा. ब्रिटनच्या त्याच प्रशिक्षणक्रमाने तडजोड केली: एक ते पाच वर्षांपर्यंत जुनं सूत्र, सहा ते बारा वर्षांसाठी नवं. आता करून पाहा. पाच वर्षांचं मूल: ५ × २ + ८ = १८ किलो. सहा वर्षांचं: ६ × ३ + ७ = २५ किलो. सहाव्या वाढदिवशी केक कापला की सात किलो वाढले. गणिताच्या शिक्षकांनी हा आलेख वर्गात जरूर काढून घ्यावा. दोन रेषा आणि मध्ये एक कडा. निसर्गात मुलं अशी कड्यावरून उडी मारत नाहीत, हे सांगायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

शिवाय सूत्रं ही दोनच नाहीत. ऑस्ट्रेलियातलं एक सूत्र पाच वर्षांपुढे वयाची चौपट करा म्हणतं. दहा वर्षांच्या मुलाला सगळी लावून पाहिली. शिबिरातलं सूत्र २८ किलो म्हणतं, वीचचं साडेबत्तीस, शेफिल्डचं ३७, ऑस्ट्रेलियाचं ४०. चारही जणांनी एकाच मुलाकडे पाहिलं आहे असं समजायचं.

पण सूत्र कोणतंही घ्या, खरी अडचण त्याच्या आत आहे. ते वयाची सरासरी सांगतं, आणि समोर असतं ते एक मूल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या वाढीच्या तक्त्यात पाच वर्षांच्या मुलग्याचं मधलं वजन १८.३ किलो आहे. शिबिराच्या सूत्राने १८ येतं. उत्तम! सूत्राला पूर्ण गुण. मात्र त्याच तक्त्यात १४.१ पासून २४.२ किलोपर्यंतची मुलं सर्वसाधारण मर्यादेत धरलेली आहेत. पहिल्याला सूत्र २८ टक्के जास्त सांगेल, दुसऱ्याला २६ टक्के कमी. सरासरी अचूक असूनही दोघांच्या बाबतीत ते चुकलं. गणवेशाचं कापड वाटताना आपण हा अनुभव दरवर्षी घेतो. वर्गाची सरासरी उंची काढून सगळ्यांना एकाच मापाचे सदरे शिवले तर सरासरी बरोबर येईल आणि अर्ध्या वर्गाच्या बाह्या कोपरापर्यंत येतील. यात आपल्या राज्याचं चित्र घाला. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३६ टक्के मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. आणि शहरांतल्या काही शाळांत लठ्ठपणा हा पालकसभेचा विषय झाला आहे. एकाच जिल्ह्यात ही दोन्ही टोकं भेटतात. सूत्र कोणाला लावायचं?

आणि वय तरी खरं आहे का? हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. शाळेचं जुनं दाखलखारीज रजिस्टर उघडा आणि १ जून ही जन्मतारीख किती मुलांना आहे ते मोजा. प्रवेशाच्या वेळी तारीख ठाऊक नसली की गुरुजींनी १ जून लिहून टाकायचं, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. आता जन्मनोंदी सुधारल्या आहेत, पण ऊसतोडीच्या, वीटभट्टीच्या हंगामाबरोबर फिरणाऱ्या कुटुंबांत वय अजूनही 'पोळ्याच्या आसपासचा' असंच सांगतात. सूत्रात घालायचा आकडाच जिथे अंदाजाचा, तिथे बाहेर येणाऱ्या आकड्याचं काय?

रंगीत पट्टी

वयापेक्षा चांगली खूण कोणती? उंची. आडव्या पडलेल्या मुलाचीही ती मोजता येते, आणि ती खोटं सांगत नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाचे डॉ. जेम्स ब्रोसलो यांनी १९८०च्या दशकात हे ओळखलं आणि एक पट्टी बनवली. पुढे फ्लोरिडाचे डॉ. रॉबर्ट ल्यूटन त्यांच्याबरोबर आले. १९८८मध्ये या पट्टीची ९३७ मुलांवर केलेली तपासणी प्रसिद्ध झाली. पट्टीचं लाल टोक मुलाच्या डोक्याशी धरायचं, पट्टी टाचेपर्यंत पसरायची, आणि टाच ज्या रंगावर येईल तो मुलाचा रंग. करडा, गुलाबी, लाल, जांभळा, पिवळा, पांढरा, निळा, नारिंगी, हिरवा, असे सुमारे तीन किलोपासून छत्तीस किलोपर्यंतचे पट्टे असतात. प्रत्येक पट्ट्यावर त्या मुलासाठी औषधांच्या मात्रा आणि श्वासनलिकेत घालायच्या नळीचं माप छापलेलं.

या पट्टीचं मोठेपण तिच्या वजनाच्या अंदाजात आहे असं आम्हाला वाटत नाही. ते आहे आकडेमोड टाळण्यात. मूल निळं पडतंय, आई दारात रडतेय, आणि तुम्हाला ०.०१ गुणिले १४ करायचं आहे. अशा वेळी दशांशचिन्ह एक घर सरकतं आणि मात्रा दहापट होते. हा प्रकार जगभरच्या रुग्णालयांत घडलेला आहे. वीस-तीस टक्क्यांच्या चुकीपेक्षा दहापटीची चूक कितीतरी भयंकर. 'पिवळा कप्पा उघडा' म्हटलं की ही चूक होण्याचा संभव खूपच कमी होतो. शिवाय श्वासाच्या नळीचं माप उंचीवरून चांगलं ठरतं, कारण गळ्याची नळी मुलाच्या जाडीबरोबर नव्हे, त्याच्या बांध्याच्या लांबीबरोबर वाढते. पट्टीवर टीका करणाऱ्यांनी हे विसरू नये, आम्हीही विसरत नाही.

तरी टीका करायचीच आहे. उंची सारखी असलेली दोन मुलं सारख्या वजनाची असतात का? वर्गातली दोन सारख्या उंचीची मुलं शेजारी उभी करा, उत्तर समोर दिसेल. इथे थोडं भूमितीचं साहाय्य घेऊ. मूल म्हणजे ढोबळमानाने एक वृत्तचिती. वृत्तचितीचं घनफळ उंचीच्या पटीत वाढतं, पण घेराच्या वर्गाच्या पटीत. उंची तीच ठेवून घेर दहा टक्क्यांनी कमी केला तर ०.९ × ०.९ = ०.८१. वजन १९ टक्क्यांनी उतरलं! पट्टी मोजते ती उंची, आणि घेर गृहीत धरते. हा गृहीत घेर अमेरिकन मुलाचा असतो. २००८मध्ये ५४८ भारतीय मुलांवर पट्टी तपासली गेली. दहा किलोपर्यंतच्या मुलांमध्ये ती ठीक चालली, त्यापुढच्या मुलांचं वजन मात्र ती दहा टक्क्यांहून जास्त फुगवून सांगत होती. म्हणजे पट्टी सूत्रापेक्षा बरी, पण तिचाही सदरा शिवला आहे तो दुसऱ्याच मापाने.

एक बाजू पट्टीवाल्यांचीही ऐकायला हवी. ते म्हणतात, लठ्ठ मुलाचं खरं वजन घेऊन औषध द्यावं हे तरी कुठे बरोबर आहे? कित्येक औषधं चरबीत फारशी जात नाहीत, मग चरबीच्या किलोंसाठी मात्रा कशाला वाढवायची? मुद्दा चांगला आहे. पण तो लठ्ठ मुलाला लागू पडतो. हडकुळ्या मुलाच्या बाबतीत उंचीवरचं 'आदर्श' वजन धरायचं, तर जे स्नायू आणि जे रक्त त्याच्या अंगात नाहीत त्यांच्यासाठीही औषध द्यायचं, असा त्याचा अर्थ होतो. अमेरिकेतला वाद लठ्ठ मुलांभोवती फिरतो. आपल्याला दोन्ही टोकं सांभाळायची आहेत.

दंडाचा घेर

हा घेर कुठे मोजायचा? अंगणवाडीताईंना ते कधीचं ठाऊक आहे. कुपोषण तपासायची लाल-पिवळी-हिरवी दंडपट्टी त्या रोज वापरतात: साडेअकरा सेंटिमीटरच्या आत दंड असेल तर लाल, साडेबाराच्या पुढे हिरवा. हाँगकाँगच्या संशोधकांनी २०१०मध्ये दंडाच्या घेरावरून सरळ वजनच काढलं: घेरातून १० वजा करा आणि ३ने गुणा. दंड १६ सेंटिमीटर असेल तर १८ किलो. वय नको, उंची नको. शाळेच्या वयाच्या मुलांमध्ये हे सूत्र चांगलं चालतं, त्याहून लहान मुलांत तितकं नाही. पण आमची नजर लगेच त्या ३वर गेली. पट्टी एक सेंटिमीटर सैल धरली की वजन तीन किलोंनी वाढलं. मोजणाऱ्याची चूकही तिपटीने वाढते. विज्ञानाच्या तासाला 'मापनातील त्रुटी' हा धडा शिकवताना याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

लांबी आणि घेर दोन्ही मोजले तर? अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या रुग्णालयातून २०१२मध्ये पुढे आलेली 'मर्सी' पद्धत तेच करते. खांद्यापासून कोपरापर्यंतची लांबी आणि दंडाचा घेर, प्रत्येकाचे ठरलेले किलो, दोन्हींची बेरीज. ती पुढे माली आणि भारत या देशांतही तपासली गेली. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी उंचीच्या पट्टीवर मुलाच्या बांध्याप्रमाणे वजन कमीजास्त करायची सोय केली: फार रोड, रोड, मध्यम, जाड, फार जाड. दोन्ही पद्धतींत आपल्या वृत्तचितीचाच हिशेब आहे. अमेरिकन हृदयरोग संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनातही उंचीबरोबर बांधा पाहावा असं म्हटलं आहे. आमच्या मते दिशा हीच बरोबर. मात्र पद्धत जितकी अचूक, तितकी ती शिकावी लागते, आणि धावपळीत दोन मापं घेऊन बेरीज करणारा माणूस लागतो. तालुक्याच्या रुग्णालयात रात्री दोन वाजता तो असतोच असं नाही.

या सगळ्या वाचनात आम्हाला सर्वांत जास्त आवडली ती एक साधी सूचना. जागतिक आरोग्य संघटनेच्या हगवणीच्या तक्त्यात वयाप्रमाणे जलसंजीवनी किती द्यायची ते दिलं आहे, आणि त्याच्याच जोडीला लिहिलं आहे की वजन माहीत नसेल तेव्हाच वय वापरा. फळ्यावरच्या त्या चौकटीत हे एक वाक्य असतं तर आम्हाला हा लेख लिहावा लागला नसता.

कारण पुष्कळ वेळा वजन करता येत असतं! हृदय बंद पडलेल्या मुलाला कोणी काट्यावर ठेवणार नाही, मान्य. पण झटके थांबलेलं मूल, सुकलेलं मूल, भाजलेलं, विंचू चावलेलं मूल आईच्या कडेवर असतं. आई मुलाला घेऊन काट्यावर उभी राहील, मग मूल दुसऱ्याकडे देऊन एकटी उभी राहील. एक वजाबाकी. याला एक मिनिट लागतं, आणि लसीकरणाच्या खोलीत काटा असतोच. 'तातडी' हा शब्द वजन न करायला सबब म्हणून वापरला जातो, अशी आमची शंका आहे.

आणि मूल काट्यावर येऊच शकत नसेल, तर दुसरा चांगला मार्ग आहे, कोणाला तरी ते आधीच माहीत असणं. परदेशांतल्या तपासण्यांत आईवडिलांनी सांगितलेलं वजन बहुतेक सूत्रांपेक्षा जवळचं ठरलेलं आहे. शाळेच्या वेळात आईवडिलांच्या जागी आपण असतो. प्रगतिपुस्तकात उंची आणि वजनाचे रकाने आहेतच. ते कसे भरले जातात हेही आपल्याला माहीत आहे. मागच्या सत्राच्या आकड्यात एक मिळवला की झालं! हे जर खरोखर भरले, तर शिबिरातल्या सूत्राची आपल्याला गरजच नाही. फोनवर 'वय आठ, वजन सतरा, ऑगस्टमध्ये घेतलं होतं' असं सांगता येईल.

काटा विश्वासाचा आहे का ते पाहायला प्रमाणित वजनं लागत नाहीत. काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको. काटा शून्यावर आणा. एक जण रिकामी कळशी घेऊन उभा राहू द्या, आकडा लिहा. मग त्याच कळशीत लिटरच्या मापाने दहा लिटर पाणी ओतून पुन्हा उभं राहा. फरक दहा किलोचा यायला हवा. अर्ध्या किलोपेक्षा जास्त चूक दिसली तर तो काटा बदलायला हवा. मुलांकडूनच हे करून घ्या, सहावी-सातवीच्या मुलांना यात फार रस येतो. मग प्रत्येकाची उंची, वजन आणि दंडाचा घेर घ्या, चारही सूत्रांनी वजन काढा, शेकडा चूक काढा आणि आलेखावर ठिपके द्या. फक्त एक पथ्य पाळा: वजनं वर्गात मोठ्याने वाचू नका. रोड आणि जाड दोन्ही मुलांना त्याचा त्रास होतो. चिठ्ठीवर नावाऐवजी क्रमांक असू द्या. असे तक्ते, नावांशिवाय, आमच्याकडे जरूर पाठवा. कोणतं सूत्र कोणत्या शाळेत किती चुकतं ते आपण पुढे एखाद्या अंकात मांडू.

आश्रमशाळेच्या त्या बाईंना आम्ही हे सगळं पत्राने कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं आहे. कार्यालयाच्या दाराच्या आतल्या बाजूला, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फोन नंबराखाली, त्यांनी सर्व मुलांची वजनं तारखेसह लावली आहेत. तिसरीतला तो मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर साडेसतरा भरला. दंड मोजायला त्यांनी शिंप्याकडची टेप आणली आहे आणि विचारलं आहे, की उजवा हात घ्यायचा की डावा, आणि नेमका कुठे? डावा घ्यावा. खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर पेनाने खूण करावी, मग हात सैल सोडायला सांगावा, आणि टेप त्वचेला टेकेल पण रुतणार नाही अशी धरावी.